काकांनी दुरुस्त केलेला कोड

तुम्ही हसाल, पण वधू-वर मंडळाच्या वेबसाइटवर घटस्फोटाच्या वकिलाची जाहिरात मी स्वतः पाहिली आहे. मंडळ आमच्या धरमपेठेतल्या वसंतकाकांचं, वेबसाइट मी बनवलेली. काका तडक माझ्याकडे आले.

“काढ गा ते आधी! मुलीचे बाप पाहून राहिले.”

मी समजावलं, “काका, कुठली जाहिरात दाखवायची ते जाहिराती पुरवणारी कंपनी ठरवते. तिनं दिलेला कोड आपण बदलायचा नसतो, नाहीतर खातं बंद करतात. नको असलेले विषय रीतसर बंद करता येतात. उद्या करून देतो.”

काकांना उद्यापर्यंत दम निघाला नाही. त्यांनी भाच्याला बसवून कोडच बदलला आणि जाहिरात दिसेनाशी केली. आठवड्यात कंपनीचं पत्र आलं: कोडमध्ये फेरफार केल्यामुळे खातं कायमचं बंद. वेबसाइटचा खर्च त्या जाहिरातींवरच निघायचा.

मी वैतागलो, “काहून हात लावला काका? तुम्हाले सांगितलं होतं ना?”

काका मनापासून दुखावले होते.

“अरे, तीस वर्षांपासून पोरापोरींचे बायोडाटे दुरुस्त करून राहिलो मी. कोणाची उंची वाढवली, कोणाचं वय उतरवलं. लग्न लागेपर्यंत एकानंही कधी हरकत घेतली नाही!”