छातीतली पावडर

(दुपार. इस्पितळातली खोली. आबा खाटेवर बसलेले. बरगड्यांमधून निघालेली नळी खालच्या बाटलीत गेलेली. शेजारी त्यांची लेक, शिवणकाम करणारी. कारखान्यातला जुना सोबती, ज्याला सगळे भोंगा म्हणतात, भेटायला आलाय.)

आबा : नाही म्हणजे नाही. पावडर लावायचीच तर तोंडाला लावा. निदान कुणाच्या लग्नाला तरी जाता येईल.

भोंगा : कसली पावडर?

लेक : काका, आता तुम्हीच समजवा यांना. आबांच्या फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं...

भोंगा : ह्याच्या एकट्याच्याच?

लेक : सगळ्यांच्या. दोन पदर असतात त्याचे. कोटाचं कापड आणि आतलं अस्तर, तसं समजा. एकमेकांवर सरकतात म्हणून श्वास सुखाने घेता येतो. यांचं अस्तर आजारलंय, आणि मधल्या फटीत पाणी भरतंय. काढलं की पुन्हा भरतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नळीतून औषधी पावडर आत सोडू, म्हणजे दोन्ही पदर चिकटून बसतील. फटच उरली नाही तर पाणी साठेल कुठे?

भोंगा : मग आजार बरा?

लेक : नाही. आजार राहणार. पण दम कमी लागेल. रात्री आडवं होऊन झोपता येईल.

आबा : ऐकलंस? उभा जन्म पावडर खाल्ली म्हणून आजार झाला. आणि उपाय काय, तर पावडर.

भोंगा : आपलीच का ती?

लेक : नाही हो. ही वेगळी. तुमचा तो ॲस्बेस्टॉस.

भोंगा : पण काय माल होता! बॉयलरच्या पाइपांना आम्ही त्याचे कोट चढवायचो, पोरी. तुझ्या बापाच्या हातून निघालेला पाइप म्हणजे नवरदेव. आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच पोत्यांवर ताणून द्यायची. तशी गादी पुन्हा नशिबात आली नाही.

आबा : तू घोरायला लागलास की सुट्टी संपली समजून माणसं उठून कामाला लागायची. मालकाने तुला बढतीच द्यायला हवी होती.

भोंगा : आणि कारखान्यातलं ते नाटक? मी म्हातारा राजा. दाढी त्याच पांढऱ्या मालाची. मरायच्या प्रवेशात असा खोकलो, असा खोकलो, की पुढच्या रांगेतली माणसं रडली.

आबा : अभिनय नव्हता तो. दाढी नाकात गेली होती.

भोंगा : बक्षीस मिळालं ना पण?

आबा : मिळालं. त्याच मालाचे हातमोजे. तुझ्या बायकोला ते टोचायचे, म्हणून तू आमच्या घरी आणून दिलेस. हिच्या आईने कित्येक वर्षं त्यांनीच तापलेली भांडी उतरवली.

लेक : मला तर आईचं शर्ट झटकणं जास्त आठवतं. आबा कामावरून आले की ती गॅलरीत उभी राहून त्यांचा शर्ट झटकायची, आणि मी खाली अंगणात हात पसरून उभी. वरून पांढरं पांढरं भुरभुरायचं. शेजारच्या पोरींना मी सांगायचे, आमच्याकडे बर्फ पडतो, तुमच्याकडे नाही पडत. बघायला यायचं तर एक बटण द्यावं लागायचं. धंदा तिथूनच सुरू झाला माझा.

भोंगा : काय रे, तोंड का फिरवलंस?

आबा : दम लागला.

भोंगा : बोलत तर ती होती.

लेक : आबा, बाई येतीलच आता विचारायला. हो म्हणा ना.

आबा : म्हणतो. आधी तू फोटो काढून ये.

लेक : कसला?

आबा : छातीचा. खालच्या मजल्यावर काढतात. मी बाईंना विचारून ठेवलंय. त्या म्हणाल्या, घरातल्यांनीही तपासून घेतलेलं बरं, कपड्यांवरून येतं ते घरात.

लेक : म्हणजे सकाळपासून तुम्ही पावडरीला नाही म्हणताय ते ह्यासाठी?

आबा : नुसतं सांगितलं असतं तर गेली असतीस? चष्म्याचा नंबर काढून घे म्हणून किती दिवस सांगतोय. तू गिऱ्हाइकांकडून सुईत दोरा ओवून घेतेस.

लेक : मला काही होत नाहीये, आबा. साधा खोकला नाही.

आबा : मलाही नव्हता. कारखाना सुटून जमाना लोटला, तरी नव्हता. तुझ्या आईच्या छातीतही पाणीच झालं होतं. तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं.

लेक : आणि निघालं काही, तर?

आबा : तर लवकर कळेल. मला उशिरा कळलं.

भोंगा : मी येतो हिच्याबरोबर. मीसुद्धा टाळतोच आहे. माझाही फोटो काढून घेऊ, निदान दाढी आत राहिली का ते तरी दिसेल.

आबा : जा दोघं. तुम्ही वर आलात की मी बाईंना हो म्हणतो. शब्द आहे माझा.

लेक : फोटोला केस वर बांधायला लावतात ना?

आबा : हो, मानेवर आलेले चालत नाहीत. ये, मी बांधतो.

लेक : ही नळी आहे. हात वर जातील का तुमचे?

आबा : तू खाली बस की. लहानपणी बसायचीस तशी.