चालतं दुकान हलवताना

लाम्प्ते : फक्त शनिवार-रविवार, मॅडम. शुक्रवारी संध्याकाळी जुनी वेबसाइट बंद, सोमवारी सकाळी नवी सुरू. मधल्या वेळात पडद्यावर छानशी पाटी लावू. 'नूतनीकरण चालू आहे, लवकरच भेटू.'

अफ्राकोमा : पाटी नको.

लाम्प्ते : मग नुसतं चित्र लावू. फुलांचं वगैरे.

अफ्राकोमा : बाबा, मी पाटीच्या रंगाबद्दल बोलत नाहीये. माझं दुकान बंद राहणार नाही.

लाम्प्ते : दुकान कुठं बंद होतंय? हे खालचं उघडंच राहील की. फक्त इंटरनेटवरचं...

अफ्राकोमा : खालच्या दुकानात आता पाय किती लोकांचे लागतात? निम्म्याहून जास्त माल तुझ्या त्या पडद्यावरूनच जातो. तेच माझं दुकान. दुफी, सांग गं याला. मावशी म्हातारी झाली म्हणून हट्ट करते असं वाटतंय त्याला.

दुफी : हट्ट तर करतेच आहेस. पण लाम्प्ते, तू तिकडचा, राजधानीतला, अक्राचा, म्हणून तुला सांगते. मयताचं कापड विकणारीचं दार बंद दिसलं, की कुमासीत लोक एकच प्रश्न विचारतात.

लाम्प्ते : काय?

दुफी : कोण गेलं?

लाम्प्ते : अहो, वेबसाइट बंद दिसली म्हणून कोण असं विचारेल?

दुफी : विचारलंय. गेल्या वर्षी एक दुपार वेबसाइट पडली होती. संध्याकाळी हॅम्बुर्गहून हिच्या चुलतभावाचा मला फोन. हमसून हमसून रडत होता. रडून झाल्यावर म्हणाला, कापड कुठलं ठरलंय तेवढं सांग, म्हणजे इथं शिवायला टाकतो.

अफ्राकोमा : मी फोन हातात घेतला आणि म्हटलं, मीच सांगते. तर ठेवूनच दिला त्यानं.

लाम्प्ते : हसू नका ना दोघी. मी कामाचं बोलतोय. वेबसाइटची इंटरनेटवरची जुनी जागा महिनाअखेर सोडायची आहे. ज्यांच्याकडून ती भाड्यानं घेतलीय, ते पुढं मुदत देणार नाहीत. हलवायचं तर आत्ताच. सगळे असंच करतात, दोन दिवस बंद ठेवून.

अफ्राकोमा : सगळ्यांकडे या आठवड्यात बिरागो मेलेली नाही.

लाम्प्ते : बिरागो कोण?

अफ्राकोमा : समोरची.

दुफी : समोरच्या दुकानाची मालकीण. तीसेक वर्षं दोघी समोरासमोर बसल्या आणि एकमेकींना एक शब्द चांगला बोलल्या नाहीत. म्हणजे बोलल्या भरपूर. चांगलं काही नाही.

अफ्राकोमा : तिच्या दुकानाचं आधीच आटोपलं होतं. माल उरला नव्हता. मुलींनी आईसाठी कापड निवडलं, ते माझ्याकडचं. पुढच्या शनिवारी मयताचा कार्यक्रम. सगळं गणगोत एकाच कापडात उभं राहणार, टेपा गावापासून ओबुआसीपर्यंतचं. परदेशातलेही येतील. शिंप्यांना वेळ द्यायचा, तर कापड याच आठवड्यात जायला हवं. आणि तू म्हणतोस, पाटी लाव.

लाम्प्ते : त्यांना फोन करून सांगू, सोमवारी या म्हणून.

अफ्राकोमा : कुणाकुणाला? ज्याला फोन जाणार नाही तो पडदा उघडणार, बंद बघणार, आणि मिळेल ते काळं कापड घेऊन येणार. आईच्या मयताला भलत्याच कापडात उभा राहिलेला माणूस बघितलायस कधी? वाट चुकून आल्यासारखा दिसतो. आणि बाजार काय म्हणेल ते ऐक. बिरागो मेली तेव्हा अफ्राकोमानं दार लावून घेतलं. मी मेल्यावरही माझ्या भाच्यांना ते ऐकावं लागेल.

दुफी : आत्तापासून ऐकायची सवय आहे मला.

लाम्प्ते : मग काय करू म्हणता?

दुफी : मी सांगितलं होतं ते. जुनं चालू ठेवायचं. नवं त्याच्या शेजारी उभं करायचं. आधी थोडीच गिऱ्हाइकं नव्यात पाठवायची, गुपचूप, त्यांनाही कळता कामा नये. नीट चाललं की आणखी थोडी. शेवटी जुन्यात कुणीच उरलं नाही, की दिवे मालवायचे.

लाम्प्ते : आणि एकच ठाण दोन्हीकडे विकलं गेलं तर? माल एक, दुकानं दोन.

दुफी : माल मोजणारा एकच ठेवायचा. दोन्ही दुकानांनी त्यालाच विचारायचं.

लाम्प्ते : म्हणजे दुप्पट काम. आणि मधेच काही फाटलं, तर सगळ्यांसमोर फाटणार. बंद दाराआड चुकता येतं, दुफी. उघड्यावर नाही.

अफ्राकोमा : मी सगळ्या चुका उघड्यावरच केल्या. जुना बाजार पाडला ना, तेव्हा ज्या बायका म्हणाल्या, नवा गाळा मिळेपर्यंत घरी बसू, त्यांची गिऱ्हाइकं शेजारणींनी नेली. मी रस्त्यावर चटई टाकली. निम्मा माल चटईवर, निम्मा डोक्यावर. पावसात भिजले, शिव्या खाल्ल्या, पण विकत होते.

लाम्प्ते : असं कुणी करत नाही, मॅडम. माझे साहेब नाही म्हणतील.

अफ्राकोमा : लाव त्यांना फोन. मी बोलते.

लाम्प्ते : ...नको. मी बोलतो.

अफ्राकोमा : का रे?

लाम्प्ते : त्यांना रक्तदाब आहे.

दुफी : म्हणजे करतोयस.

लाम्प्ते : करतोय. पण एक गोष्ट मला जमायची नाही. ही कापडांची नावं. जुन्या दुकानात एकेका कापडाला दोन-दोन, तीन-तीन नावं जोडलेली आहेत. कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं, मला कळत नाही. माझ्या माणसांनी 'काळ्यावर तांबडे ठिपके' असं काहीतरी लिहिलं होतं.

अफ्राकोमा : काळ्यावर तांबडे ठिपके म्हणून आजवर एक वारही कुणी मागितलं नाही माझ्याकडे. इकडे दे. नावं मी बघते.

दुफी : मावशी, मी बघितली असती.

अफ्राकोमा : माझं दुकान आहे. माझ्या कापडांना काय म्हणायचं ते मीच बघणार.

(त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी. दुकानावरची तीच खोली.)

लाम्प्ते : बघा, निम्मे लोक नव्यात आहेत आणि कुणाला पत्ता नाही. ओबुआसीच्या एका बाईंनी जुन्या दुकानात कापड पिशवीत टाकलं, आणि पैसे भरले नव्या दुकानात. त्यांना वाटतंय, त्या एकाच जागी उभ्या होत्या.

अफ्राकोमा : घाम पूस आधी. मक्याची केंकी ठेवलीय, खाल्लीस का?

लाम्प्ते : तुमच्याकडची केंकी मी खात नाही, अक्राचीच खातो. खरं सांगायचं तर, मला वाटलं नव्हतं जमेल.

अफ्राकोमा : मला वाटलं होतं तुला जमणार नाही. आता वाटत नाही.

दुफी : जरा थांबा दोघं. इथं काहीतरी बिघडलंय.

लाम्प्ते : कुठं? सगळं हिरवं दिसतंय. मोडलं काहीच नाही.

दुफी : मोडलं नाहीये. लोक नव्या दुकानात येतात, शोधायच्या चौकटीत काहीतरी लिहितात, काही सापडत नाही, निघून जातात. सकाळपासून चाललंय. सगळे एकच शब्द लिहितायत.

लाम्प्ते : काय शब्द?

दुफी : मावशी, तू चहा आणतेस का?

अफ्राकोमा : मी या घरात चहा आणत नाही. काय लिहितायत ते वाच.

दुफी : 'भांडकुदळ कोंबडी.'

लाम्प्ते : हे काय आहे?

दुफी : कापड आहे.

लाम्प्ते : आपल्याकडे आहे?

दुफी : आहे. पहिल्याच ओळीत. 'आईची पावलं' म्हणून.

लाम्प्ते : तेच? काळ्यावर ते तीन-तीन बोटांचे ठसे?

अफ्राकोमा : ती पावलं आहेत. आई पुढं चालते, लेकरं मागून येतात. कापड पहिल्यांदा आलं तेव्हा मी ते नाव दिलं. गठ्ठा माझ्यासमोर सुटला होता. दोरी मी कापली.

दुफी : आणि समोरून बिरागो म्हणाली, ही तर कोंबडीची पावलं. मग मावशीकडे बघून म्हणाली, आणि कोंबडी कुठली ते मला माहीत आहे. सकाळपासून उकिरडा उकरते आणि दिसेल त्याच्या अंगावर जाते.

लाम्प्ते : अरेरे.

दुफी : दुपारपर्यंत अख्खा बाजार ते नाव घेऊन कापड मागत होता. तुला माहीत नसेल, लाम्प्ते, इथं बायका ज्या नावानं मागतात तेच कापडाचं नाव होतं. गिरणीवाल्याला कोण विचारतो?

अफ्राकोमा : माझ्याकडे कुणी ते नाव घेऊन आलं, तर मी म्हणायचे, इथं कोंबड्या मिळत नाहीत.

लाम्प्ते : पण मी सगळी नावं आणली होती. जुन्यात हे असेल, तर नव्यातही...

दुफी : जुन्यात होतं. मीच घातलं होतं. चोरून. कुणी ते नाव लिहिलं, की 'आईची पावलं' समोर यायचं. नाव कुठं दिसायचं नाही.

अफ्राकोमा : कधीपासून?

दुफी : पहिल्यापासून.

अफ्राकोमा : माझ्या दुकानात.

दुफी : तुझ्याच. कापड विकलं जात होतं, मावशी. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

लाम्प्ते : मग नव्यात कसं नाही आलं?

अफ्राकोमा : कारण मी खोडलं. परवा नावं बघत होते, तर ते दिसलं. म्हटलं, कुणीतरी अक्राच्या पोरानं गंमत केली असेल. खोडताना बरंही वाटलं. ती तिकडे शवागारात पडली होती, आणि मला बरं वाटलं.

दुफी : मगाशी तिच्या थोरलीचा फोन येऊन गेला. तू खाली होतीस.

अफ्राकोमा : काय म्हणाली?

दुफी : आवाज नव्हता चढवला. एवढंच विचारलं, तुम्ही आमच्या आईचं कापड काढून टाकलंत का? आईनं नाव दिलेलं कापड म्हणून आम्ही ते निवडलं होतं. तुमच्याकडे नसेल तर आज सांगा, आम्ही दुसरं बघतो.

अफ्राकोमा : तू काय सांगितलंस?

दुफी : म्हटलं, मावशीला विचारून कळवते.

लाम्प्ते : घाबरण्यासारखं काही नाही, मॅडम. जुनं दुकान अजून चालू आहे. आत्ता सगळ्यांना परत तिकडे पाठवतो. त्यात ते नाव आहेच. कुणाला कळणारही नाही.

अफ्राकोमा : आणि महिना संपला की?

लाम्प्ते : तोवर नव्यातही तसंच घालू. आतून. लिहिलं तर सापडेल, नाव दिसणार नाही. तुम्हाला बघावंही लागणार नाही.

दुफी : खरं आहे, मावशी. पूर्वी जसं होतं तसंच.

अफ्राकोमा : नाही.

दुफी : मावशी, हा वेळ भांडायचा नाही. ती माणसं दुसरं कापड...

अफ्राकोमा : ऐकून तर घे. आतून घालायचं नाही. तीस वर्षं मी त्या बाईशी भर रस्त्यात भांडले. एकदाही पाठीमागून नाही. आणि आता ती मेल्यावर तिचं नाव मागच्या दारानं आत घेऊ? वर लिही. मोठ्या अक्षरात. ठशाच्या चित्रावरच.

लाम्प्ते : 'भांडकुदळ कोंबडी'?

अफ्राकोमा : आणि खाली, 'हे नाव बिरागोनं दिलं'.

दुफी : बाजार हसेल. तुझ्या दुकानाच्या पहिल्या ओळीत तुझ्याच नावाची शिवी.

अफ्राकोमा : हसू देत. हसल्यानं मी कधी उठून गेले का? त्या दिवशीही अख्खी गल्ली हसली, आणि मी अंधार पडेपर्यंत बसून विकत होते.

दुफी : आणि 'आईची पावलं'?

अफ्राकोमा : तेही राहील. मी ते खोडणार नाही, तिच्यासाठीसुद्धा नाही. शेजारी शेजारी राहू देत. सवय आहे आम्हाला.

लाम्प्ते : दुकान चालू असतानाच बदलतोय, हं. हात लावू नका कुणी.

अफ्राकोमा : दुफी, बिरागोच्या थोरलीला फोन लाव. तू नको बोलूस. मी बोलते.

दुफी : काय सांगणार?

अफ्राकोमा : सांगेन, कापड आहे. बाकी तिला पडद्यावर दिसेल.

लाम्प्ते : झालं. पण तपासायला हवं. कुणीतरी बाहेरच्या गिऱ्हाइकासारखं ते नाव लिहून बघा.

दुफी : मावशी, तू लिही.

अफ्राकोमा : तूच लिही. तुझी बोटं बारीक आहेत.

दुफी : मी पहिल्यापासून लिहीत आले. आता तू.

अफ्राकोमा : दे तो फोन. चष्मा कुठाय माझा. ...बघू नका दोघं माझ्या हाताकडे.

लाम्प्ते : आम्ही पंख्याकडे बघतोय.

दुफी : आलं का?

अफ्राकोमा : आलं. किती वार हवं म्हणून विचारतंय.

दुफी : झालं तर मग. नुसतं तपासायचं होतं. बंद कर आता.

अफ्राकोमा : थांब. सहा वार लिहिलेत मी, माझ्या अंगापुरते. गिऱ्हाइकाचं नाव कुठं घालायचं?