जोड तयार आहे, बाई

ताई : नाही म्हणजे नाही. आज मी आपलं ते ऑनलाइन दुकान बंद करतेय. तू बुटाला खिळे ठोक, माझ्या डोक्याला नको.

भाऊ : अगं पण आपण काय केलं?

ताई : ते आपल्या गिऱ्हाइकाला, मास्तरांना विचार. त्यांना फोन आला, "मी बूटवाला स्वतः बोलतोय, तुमचे बूट अडकलेत, थोडे पैसे भरा, कोड सांगा." भल्या माणसानं सांगितला आणि खातं धुऊन निघालं. मला म्हणाले, "फोन तुमच्या दुकानातूनच होता. तुमच्यावर विश्वास ठेवला, हीच माझी चूक." मेल्याहून मेल्यासारखं झालं रे.

भाऊ : मलाही डोळ्याला डोळा नाही. पण दुकान बंद केल्यानं तो चोर थांबणार आहे का? त्याला उलट रान मोकळं.

शिलाईबाई : आत येऊ, की भांडण संपल्यावर येऊ?

भाऊ : अहो, शिलाईबाई! तुम्ही इतक्या लांबून? तुमचा बूट तर कालच पाठवला.

ताई : या, बसा. कुबड्या द्या इकडे, भिंतीला लावते.

शिलाईबाई : मशीनवर अर्धा पडदा तसाच सोडून आलेय. सकाळी तुमचा फोन आला ना, उस्ताद.

भाऊ : माझा? मी कुठं कुणाला फोन करतो?

शिलाईबाई : तेच म्हटलं. आवाज कसा, तर लोणी. आणि तुम्ही बोलता तेव्हा तोंडात निम्मे खिळे. म्हणाला, पार्सल अडकलंय, पैसे भरा. मी म्हटलं, हात कामात आहेत, जेवणानंतर करा. आणि तडक बस पकडली. म्हटलं, खरा आणि खोटा, दोन्ही बूटवाले एका जागी बसून ऐकू.

ताई : म्हणजे तो आत्ता फोन करणार?

शिलाईबाई : हा घ्या, वाजलाच. स्पीकर लावते. उस्ताद, हातोडी खाली. आणि कुणी हूं की चूं करायचं नाही.

(फोन टेबलावर, चामड्याच्या कातरणांत. तिघंही त्यावर वाकलेली.)

फोनवाला : नमस्कार, शिलाईबाई! बूटवाला बोलतोय. स्वतः मालक.

शिलाईबाई : बोला मालक, तुमचीच वाट बघत होते.

फोनवाला : तुमच्या बुटांचा जोड तयार आहे, बाई, पण पार्सल वाटेत अडकलंय. मी लिंक पाठवतो, किरकोळ रक्कम आहे. नंतर जो कोड येईल तो फक्त मला सांगायचा.

शिलाईबाई : सांगते की. पण एक धाकधूक आहे हो. तुम्ही दोन्ही बूट घातलेत ना खोक्यात?

फोनवाला : म्हणजे काय! माझ्या हातांनी भरलेत.

शिलाईबाई : डावासुद्धा?

फोनवाला : डावा आधी, मग उजवा.

शिलाईबाई : घ्या शपथ.

फोनवाला : आईची शपथ. डावा तर असा बसेल पायात, की पावलापावलाला माझी आठवण येईल.

शिलाईबाई : मालक, माझा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापलाय. इतकी वर्षं झाली की आता त्याची आठवण मलाच येत नाही. आणि तुम्ही त्याला बूट शिवलात! आता तो घालू कुणाला, शिलाईमशीनला?

फोनवाला : अं... बाई, काहीतरी गैरसमज... ती दुसरी ऑर्डर असेल...

शिलाईबाई : दुसरी-तिसरी काही नाही. खरा बूटवाला इथं माझ्यासमोर बसलाय, हसून हसून लोळायचा बाकी आहे. तुमचा नंबर आमच्याकडे आहे, आणि पोलिसांत जायला मी एका पायावर तयार आहे! ठेवला मेल्यानं. अजून किती बोलायचं होतं मला.

भाऊ : बाई, पाया पडतो तुमच्या.

शिलाईबाई : एकाच पाया पडा, दुसरा कुठाय?

ताई : थांबा, थांबा. हसू नका. तो तुम्हाला "शिलाईबाई" म्हणाला.

शिलाईबाई : मग? तुम्हीही तेच म्हणता.

ताई : आम्हीच म्हणतो! बाहेर कोण म्हणतं?

शिलाईबाई : कुणी नाही. बाहेर सगळे मॅडम म्हणतात.

ताई : मी लाडानं पार्सलवर तेच लिहिलं. खाली तुमचा नंबर. आणि मग... अरे देवा! दर पार्सलचा फोटो काढून मी दुकानाच्या ऑनलाइन पानावर टाकते ना, "आज हे बूट निघाले" म्हणून! नावासकट, नंबरासकट! चोराला घर मीच दाखवलं रे.

भाऊ : ताई, रडू नकोस.

ताई : रडतंय कोण? फोटो पुसतेय. हा गेला. हाही गेला.

भाऊ : पण नंबर त्यानं उतरवून घेतले असणार.

शिलाईबाई : घेऊ दे. खोक्यावरचं त्यानं वाचलं, खोक्याच्या आत काय ते त्याला कुठं ठाऊक? लोकांचे पाय एकट्या उस्तादांना ठाऊक. सगळ्यांना कळवा, बूटवाल्याचा फोन आला तर आधी विचारायचं, माझ्या पायाचं काय विशेष?

भाऊ : आणि आम्ही कोड कधीच मागत नाही, हेही लिही. पण ताई, पायाची गोष्ट नाजूक असते. पाऊल कागदावर काढून पाठवतानाही लोक लाजतात, वाकडं बोट सरळ काढतात. खोडलेली रेघ मला दिसते. मी ते मनात ठेवतो, बूट तिथं सैल करतो.

ताई : म्हणून तर तू खरा. चल, धाडला निरोप सगळ्यांना. तुम्ही चहा घ्या, बाई.

भाऊ : अगं, उत्तरं यायलासुद्धा लागली.

ताई : हे बघ, बँकेतले पहारेकरी. "आत्ताच तुमच्या तोतयाचा फोन आला होता. विचारलं, माझ्या पायाचं काय विशेष? म्हणाला, फार सुंदर आहेत. अहो, माझे पाय बघून घरचं कुत्रं भुंकतं!"

शिलाईबाई : लोणी आज चांगलंच कढलं.

ताई : आणि ही नाचाच्या क्लासवाली. तिनं विचारताच त्यानं फोनच आपटला! जिंकलो रे आपण, जिंकलो!

भाऊ : मास्तर राहिले.

ताई : त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

शिलाईबाई : आहे त्याच तोंडानं. लावा फोन.

ताई : मास्तर, मी बुटांच्या दुकानातून बोलतेय...

मास्तर : पुन्हा? आता काय अडकलंय?

ताई : काही नाही, मास्तर. चोर कुठून शिरला ते सापडलं. माझ्याच चुकीनं शिरला. माफ करा मला.

मास्तर : आणि तुम्ही खऱ्या कशावरून? तोही असाच गोड बोलत होता.

ताई : घे रे बाबा. तूच बोल.

भाऊ : मास्तर, एक मिनिट. स्पीकर बंद करतो. तुमच्या पायाची गोष्ट आहे आणि इथं माणसं बसलीत.

ताई : गेला कोपऱ्यात. काय सांगत असेल हो?

शिलाईबाई : कान नका देऊ. ते त्या दोघांचं.

ताई : किती वेळ लावतोय. काय रे? काय म्हणाले?

भाऊ : खूप वेळ हसले.

ताई : आणि?

भाऊ : म्हणाले, नवा जोड करा. या वेळी पाऊल आहे तसं काढून पाठवतो.