सासऱ्यांची मांडी

आमच्या वस्तीचा मोठा प्रश्न सासऱ्यांनी कसा सोडवला, ते सांगते. उजनी धरण भरलं की आमच्या चारी बाजूंनी पाणी असतं, कोरडं राहतं ते एक टेकाड. आम्ही लिंगायत, गेलेल्या माणसाला बसवून पुरतो. पुढच्या पुरण्यांसाठी जागा ठरवायला ग्रामसेवक टेप घेऊन टेकाडावर आले.

"माणशी सहा फूट धरले तर जागा पुरत नाही," ते म्हणाले.

"आमी झोपत न्हाय, बसतो की," म्हणत सासऱ्यांनी मातीत मांडी घातली. "लावा टेप."

माझी तीन वर्षांची पोरगी पळत जाऊन त्यांच्या शेजारी बसली. मी तिला ओढून उचललं.

"मलाबी ह्यांच्या शेजारी धरू नका," सासूबाई म्हणाल्या. "एसटीत बसल्यागत तितंबी गुडघे पसरतील."

सासऱ्यांनी मुकाट गुडघे आवळले. परत टेप लावला, तर सगळ्या वस्तीला जागा पुरली.