न छापलेल्या बातमीचं कात्रण

हॅलो? नमस्कार. जनसंपर्क म्हणजे संस्थेचा श्वास, महोदय. चालू असतो तेव्हा कुणाला जाणवत नाही, पण थांबला की…

तू होय? मला वाटलं, वरून साहेबांचा फोन. सकाळपासून पाठ करतोय… नाही, 'थांबला की'च्या पुढचं अजून सुचलेलं नाही.

अगं ऐक ना, वेळ नाही. वर संचालकांची बैठक बसलीय. अकराला मला बोलावणार, जनसंपर्क विभाग ठेवायचा की बंद करायचा… विभाग म्हणजे मी आणि एक पंखा.

हो, हो, कात्रणं दाखवली. साहेबांनी फुटपट्टी मागवली. एकशे चाळीस सेंटिमीटर भरली. म्हणाले, यातून रंगाचे डबे किती खपले? तुमच्यामुळे घडलेली एक तरी गोष्ट दाखवा… अगं, माझ्यामुळे जे झालं, ते झालंच नाही ना.

तो लाल ओढा आठवतो? …गेल्या उन्हाळ्यात. तूच फोन केलास, 'तुमच्या कारखान्याचा रंग ओढ्यात सुटलाय, उद्या पहिल्या पानावर घेते.' मी 'चौकशी चालू आहे' म्हणालो? स्कूटरवर बसवून थेट ओढ्यावर नेलं, काठाकाठाने चालवलं… हो, तुझी चप्पल गेली, मान्य. पण वरच्या अंगाला गालिचे धुणारा सापडला ना, रंग त्याचाच निघाला ना? बातमी आली नाही. आता न आलेल्या बातमीचं कात्रण कुठून आणू?

म्हणून दोन ओळी लिहून दे. 'ही बातमी मी यांच्यामुळे छापली नाही.' …छे, मी बातमी दाबली असा अर्थ कसा निघेल?

…हं. निघतो खरा.

बरं, 'यांच्यामुळे माझी चूक टळली' असं लिही… संपादकांना विचारावं लागेल? मग विचार ना, दहा मिनिटं आहेत. तू बातमीदार, मी… थांब. शिपाई आलाय. चिठ्ठी आहे.

…

आहे, फोनवरच आहे. बैठक संपली. विभाग बंद, आजपासून… नाही, बोलावलंच नाही. खाली आणखी लिहिलंय. 'या निर्णयाची बातमी चांगल्या शब्दांत तयार करून दुपारपर्यंत वृत्तपत्रांना द्यावी. विभागातील सर्वांनी निर्णयाचं स्वागत केलं, असं यावं.' …सर्वांनी म्हणजे मीच. पंख्याला कोण विचारतो?

हसू नकोस… हो, लिहितोय. बावीस वर्षांत एक बातमी उशिरा दिली नाही, ही कशी देऊ? …घेशील? कुठल्याही पानावर चालेल.

आणि ऐक… आलीच, तर तेवढी कापून ठेव. आमच्या विभागाचा पेपर साहेबांनी कालपासूनच बंद केलाय.