समुद्राची जळू अन् माझा गुडघा

...नाही हो, सरकून जागा करू नका. खाली बसता येत असतं तं हे रामायण झालंच नसतं. मी उगाच बोलणारा माणूस नाही, पण तुम्हाले सांगतो, ऐका.

सिंधू माझी नात. तिचं लगन चार दिवसांवर आलं होतं. तिचा बाप, माझा पोरगा, सहा वर्षांमागं गेला, म्हणून कन्यादान मलेच करणं. आन कन्यादान म्हणजे पाटावर मांडी घालून बसणं. इकडं उजवा गुडघा असा सुजला की भोपळा बरा. बायको सोजराबाई म्हणे, "खुर्चीवर बसा." खुर्चीवर? पोरीवाला वर बसन आन नवरदेवाचा बाप खाली? जळगाव जामोदपावतर लोक बोलतील. नाही म्हटलं. मांडी पडली पायजे.

आता गुडघ्याचं नासकं रक्त काढाले आमच्याकडं एकच इलाज, जळू. जळवा लावणाऱ्या चांगुणाबाईले बोलावलं. ते म्हणे, "महाराष्ट्र झाला, पाणी काही आलं नाही बाप्पा. चैतात तळं कोरडं, जळू काय पदरात बांधून हिंडू?"

तेवढ्यात माझा साळा इंद्रभान लगनाले आला. मुंबईले रेल्वेत हाय, त्याचा थाट फार. पेटीत बर्फ, बर्फात समुद्राचा हा एवढा मासा. सोजराबाईनं कल्ला उघडला तं आत काळपट, दोन्ही टोकाले वाटीसारखी... जळू. बर्फात जिती, वळवळून राह्यली. बायको फेकाले निघाली. म्हटलं थांब, देवानं पाठवली.

इंद्रभान म्हणे, "भाऊजी, हे समुद्राची. मिठाच्या पाण्यात ठेवा." मिठात? जळू सुटत नसली का तिच्यावर मीठ टाकतात, हे शेंबडं पोरगंही सांगते. पण समुद्र त्यानं पाह्यला, मी नाही. गाडग्यात मीठपाणी केलं, ठेवली. तुम्हाले सांगतो, मजेत राह्यली.

चांगुणाबाईनं गुडघ्याले लावली. चावतच नाही. इकडून तिकडं चालली, आन तोंड फिरवलं, पुरणाऐवजी भाकर पाहून जावाई फिरवते तसं. चांगुणाबाई म्हणे, "इनं जल्मभर माशाचं थंडं रक्त पेलं. तुमचं तं चुलीवरचं. इले कसं पचन?" मंग काय करता? मांडी पडली पायजे ना. ओल्या फडक्यानं गुडघा गार केला, वरून तोच मासा चोळला, तिले माहेर वाटावं म्हणून... ते नाही आली, मांजर आलं. चाटत बसलं. ज्याच्यापुढं गावचा कोतवाल बिडी लपवते तो मी, मांजरापुढं पाय लांब करून.

म्हटलं, उद्या भूक लागली का चावन. सकाळी पाहतो तं जळू गाडग्यात पांढरी पडून मेलेली. सोजराबाई म्हणे, "मिठानं तडफडत असन बिचारी, म्हणून मी गोडं पाणी भरलं." जळवेची दया आली तिले. चाळीस वर्षांत माझी नाही आली.

झालं. मांडी काही पडली नाही. लगनाच्या दिवशी शाळेतून खुर्ची आणली, एकच होती. मान खाली घालून मी बसाले गेलो, तं व्याही उत्तमराव लंगडत आले आन बसले की तिच्यावर. म्हणे, "हरकत नाही ना? आमचाही गुडघा धरला." आता पोरीवाल्याची हरकत असते कुठं? उभ्यानं कन्यादान केलं मी. भटजी म्हणे, चालते.

वरून आणखी, व्याही मले वाकवून हळूच विचारतात, "समुद्राची जळू आणली म्हणे तुम्ही. ते मले द्याल का?"

पोरीची पाठवणी व्हायची होती अजून. म्हटलं, "देतो ना. तुमच्यासाठीच राखून ठेवली."

म्हणून तं इंद्रभान मुंबईले परतला तशी त्याले तार केली, आन सकाळपासून या नांदुऱ्याच्या ठेसनावर मिठाच्या पाण्याचं गाडगं धरून उभा हाय. मुंबईची गाडी किती लेट म्हणतात हो?