जलीलची मोटार आणि माझे पाय

…आणि वर मलाच विचारतात, "काय रावजी, आज कुठली वाट दाखवणार?" आता काय सांगू त्यांना! अहो, साठी उलटली माझी, जन्मभर ही एकच टेकडी चढलो-उतरलो, बाजाराला तीच, कोर्टाला तीच, स्वतःच्या लग्नालासुद्धा तीच, आणि आता कुठं देवाच्या दयेनं आमच्या फाट्यावर सर्विस मोटार आली, म्हटलं सुटलो, आता पाय पसरून ओटीवर बसायचं... तर ही मुंबईची माणसं! शनिवारी आगबोटीनं धरमतरला उतरायचं, रात्रभर धर्मशाळेत ढेकूण मारायचे, सकाळी मोटारीत दाटीवाटीनं बसून आमच्या फाट्यापर्यंत यायचं. कशाला? तर चालायला! तुम्हाला सांगतो, मोटार असताना माणूस चालतो कशाला, हे मला अजून उमगलेलं नाही.

बरं, ही मोटार काय आपोआप आली? जलीलच्या दारात चकरा मारून मारून आणली मी. जलील म्हणजे रेवदंड्याचा. मोटारीचा मालक तोच, ड्रायव्हर तोच, आणि हॉर्न बिघडलाय म्हणून वळणावर ओरडतो तोही तोच. त्याला म्हटलं, "बाबा रे, आमच्या फाट्यावरनं गाडी ने. आमच्या हिला लेकीकडं जायचंय."

आमची ही म्हणजे आवडाबाई. दोन्ही गुडघे धरलेले. आणि आमची गोदू दिलेली रेवदंड्याला. पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं, दुसरं सासरीच करायचं ठरलं, दिवस भरत आले, आणि ही रोज ओटीवर बसून त्या टेकडीकडं बघत राहायची. टेकडीपलीकडं लेक! बैलगाडीनं न्यावी तर मागच्या खेपेला तिनं हाडं खिळखिळी करून घेतली. डोली करू म्हटलं तर, "डोलीतनं लेकीच्या दारात उतरू? गोदू बघेल आणि हंबरडा फोडेल!" मग राहिली मोटार. तेवढी एक आशा, बघा. पहाटे उठून बघितलं तर बाळंतविड्याचं बोचकं सोडून परत बांधत बसलेली.

तर मोटार आली. नारळ फोडला, हार घातला, सगळा गाव जमला. आणि बसलं कोण? कुणी नाही! आमच्या गावाची तऱ्हाच निराळी. आमचा शेजारी मोरू, त्यानं काय करावं? भाजीची पाटी मोटारीच्या टपावर चढवली आणि स्वतः निघाला टेकडीवरनं! म्हटलं, "मोरू, अरे बस की आत!" तर म्हणतो, "मला पाय हायेत की! पाटीला न्हायत." आणि मोटार लांबचा वळसा घेऊन रेवदंड्याला पोचते तो हा पठ्ठ्या तिथं विडी ओढत उभा, पाटी उतरवून घ्यायला! बघता बघता सगळा गाव तेच करायला लागला. पाट्या मोटारीत, माणसं पायी. मोटार असताना माणूस चालतो कशाला, असं विचारलं की मलाच वेड लागल्यासारखं माझ्याकडं बघायचे!

जलील वैतागला. साहजिक आहे. म्हणाला, "रावजीकाका, दुधी आन् पडवळ घेऊन फिरायला गाडी घेतली का मी? पाशिंजर न्हाय तर फाटा न्हाय. सीधा रस्ता पकडतो, खुदा हाफिज!" घरी काय सांगू? ती बिचारी बोचकं बांधून बसलेली!

आणि त्याच रविवारी ही मंडळी उतरली. अर्ध्या चड्ड्या, डोक्यावर टोप, पायांत लोखंडी नालांचे बूट, पाठीला पिशव्या. मी म्हटलं जमीन मोजायला आले! तर त्यांतले पुढारी, हरेश्वरराव म्हणून, कुठल्याशा पेढीत हेडक्लार्क, पुढं येऊन म्हणतात, "आमचं पायी सहल मंडळ आहे. अहाहा! काय हवा! ही वाट कुठं जाते?" म्हटलं, "वर." "अहाहा!" म्हणाले आणि निघाले. मलाही ओढलं वाट दाखवायला. आणि टेकडी आमची केवढी? पान जमवून खाईपर्यंत माथा! वर पोचलो आणि हरेश्वररावांचं तोंड उतरलं. "झालं? एवढंच?" दुसरा म्हणतो, "इथं परत यायला नको बुवा." मी खाली बघतो तो जलील मोटारीला टेकून माझ्याकडं बघतोय... आता तुम्हीच सांगा, काय करणार माणूस?

म्हटलं, "छे छे! ही तर नुसती सुरुवात!"

आणि फिरवले हो! करवंदीच्या जाळीतनं नेले, ओढा ओलांडला, पुढं जाऊन तोच ओढा परत ओलांडला, माकडासारखे खडक चढवले, मागच्या अंगानं उतरवले आणि पुन्हा त्याच माथ्यावर आणले दुसऱ्या बाजूनं! एक चष्मेवाला म्हणतो, "हे आंब्याचं झाड मघाशी लागलं होतं ना?" म्हटलं, "तो ह्याचा भाऊ." धापा टाकत होते, कोपरं सोललेली, एकाचा बूट चिखलात राहिला... आणि संध्याकाळी मोटारीत बसताना खूष! "वा रावजी! याला म्हणतात सहल! पुढल्या रविवारी दुप्पट मंडळी आणतो!" जलीलनं वळणावर असा काही आवाज काढला आनंदानं, की म्हशी उधळल्या.

झालं! तेव्हापासनं रविवार आला की मी टेकडीवर. गुडघे माझेही काही लोखंडाचे नाहीत हो! पण घरी आलो की ही गरम तेल घेऊन बसलेली. पाय चोळता चोळता म्हणायची, "मोटार आहे ना अजून? निरोप आल्याशिवाय व्याह्यांच्या दारी जायचं नाही. गोदूचं होईपर्यंत तरी राहू दे." की पुढल्या रविवारी घेतली काठी, निघालो!

गोदूला मुलगा झाला! निरोप आला, बारसं रविवारी. ही म्हातारी, तुम्हाला सांगतो, नव्या नवरीसारखी नटली! फाट्यावर येऊन उभे राहिलो, मी नवा कोट घातलेला, पगडी झटकलेली. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसायचं! कारण रविवारच्या टेकडीपायी मला अजून त्या मोटारीत बूड टेकायला मिळालं नव्हतं. आली मोटार... आणि आत बघतो तर काय? सहल मंडळ! खच्चून! टपावरसुद्धा दोघे! म्हटलं, उतरा, आला फाटा. तर हरेश्वरराव हसतात, "आज नाही! तुम्हीच नव्हतात का सांगत, पलीकडनं चढलं की समुद्र दिसतो म्हणून? आज रेवदंड्याहून चढणार आणि तुमच्या गावात उतरणार!"

सांगितलं होतं मी. झाडाला भाऊ तरी किती दाखवायचे? काहीतरी नवं सांगायला नको?

जलील म्हणाला, "काका, एक जागा करतो. काकीला." चष्मेवाला बिचारा उठला आणि पायरीच्या फळीवर लोंबकळला. ही बसली. बोचकं मांडीवर घट्ट धरलेलं. मोटार हलली, आणि हिनं मागं वळून बघितलं... तो चेहरा मी विसरायचा नाही. डोळे भरलेले आणि हसत होती. म्हटलं जा बाई, पोच.

आणि मी? नवा कोट काखोटीला मारला आणि चढलो टेकडी, मोरूसारखा नव्हे, दर झाडाखाली बसत. माथ्यावर अर्थातच मंडळी भेटली! "वा रावजी! आज रजा असून चालताय! तुम्हालाही चालायची गोडी लागली बरं!" वाट दाखवल्याशिवाय सोडेनात! कसाबसा सुटून खाली उतरलो, घामानं निथळत व्याह्यांच्या अंगणात पाऊल टाकलं तर पाळणा म्हणून संपलेला, घुगऱ्या वाटून झालेल्या, आणि विहीणबाई सगळ्यांदेखत म्हणतात, "अगंबाई, व्याही! मोटार असताना माणूस चालतो का हो कधी?"

मी कोट चढवला आणि आत डोकावलो. आवडाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिला गुडघे आहेत हेसुद्धा ती विसरली होती. हळूच म्हणाली, "अहो, गोदूला बरं वाटेस्तोवर राहते मी इथंच. पण मला परत यायचंय हं. तोवर तेवढी मोटार बंद पडू देऊ नका."

आता गोदू ठणठणीत आहे, पोर रांगायला लागलंय, आणि हिचा पाय काही तिथनं निघत नाही... ऐकलंत? वळणावर ओरडला तो. आला जलील. द्या ती काठी इकडं, आज त्यांना ओढा कुठनं ओलांडायला लावू, अजून ठरायचंय.